‘शाळा’ : इमारतीवरून दिसलेले आणि न दिसलेले

पुंडलिकनगरात बांधकाम थांबलेली एखादी तरी इमारत नेहमी सापडते. खांब उभे, सळया आभाळाकडे, जिन्याला कठडा नाही. गुंठेवारीच्या चिंचोळ्या प्लॉटांवर दोन-दोन खोल्यांत संसार. तेव्हा नववी-दहावीच्या पोरांना बसून बोलायला जागा तेवढीच. खालून जाणारी वडीलधारी मंडळी त्यांना ‘वाया गेलेली कार्टी’ म्हणतात. दोन वर्षे मीही त्या कार्ट्यांत मोडत होतो. त्यामुळे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (मौज प्रकाशन, २००४) हाती आली आणि मुकुंद जोशी व त्याची चौकडी अशाच अर्धवट इमारतीत भेटली, तेव्हा पुस्तक खाली ठेववेना.

कादंबरीचा काळ आणीबाणीचा. निवेदक मुकुंद नववीत. सोबत सुऱ्या, फावड्या, चित्रे. कथानक म्हणावे तर फारसे नाहीच. वर्गातली शिरोडकर मुकुंदाला आवडते आणि अखेर ती गाव सोडून जाते. सुजय डहाके यांच्या चित्रपटाने (२०१२) ही गोष्ट घरोघरी पोहोचवली. पण त्यामुळे ‘एक गोड प्रेमकथा’ असा जो समज रूढ झाला, तो मला पटत नाही. या गोडव्याखाली सतत भीती आहे. घरात, शाळेत आणि देशात एकाच वेळी मोठ्याने बोलायची चोरी आहे. मनातले सांगायला मुकुंदाला निदान नरूमामा आहे. असा मामा किती जणांच्या वाट्याला येतो?

येथे ‘कोसला’ (१९६३) आठवणे अपरिहार्य आहे. तिचे लेखक भालचंद्र नेमाडे पुढे काही वर्षे आपल्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवीत होते. पांडुरंग सांगवीकरही भरकटतो, पण त्याला पुण्यात वसतिगृहाची खोली असते. मुकुंदाच्या वयाला खोली नाही, पैसा नाही आणि जे वाटते त्यासाठी शब्दही नाहीत. म्हणून ही पोरे आपली एक बोली करतात. बोकिलांनी ती तिच्या उर्मटपणासह ठेवली आहे. निवेदकाच्या तोंडी प्रौढपणीचे शहाणपण घातले नाही, हे मी या कादंबरीचे मोठे यश मानतो.

मात्र प्रथमपुरुषी निवेदनाला एक मर्यादा पडते. शिरोडकर आपल्याला दिसते ती मुकुंदाला दिसते तेवढीच. तिच्या घरात काय चालले आहे, तिला कशाची धास्ती आहे, हे ओझरतेच कळते. पहिल्या वाचनात हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. दुसऱ्या वाचनात मात्र मी तेथे अडखळलो, आणि त्याला कारण आहे.

आम्ही नववीत असताना आमच्यातल्या एकाने लिहिलेली चिठ्ठी वर्गात सापडली. त्याला छड्या बसल्या. आठ दिवस तो आमच्यात नायक होता. चिठ्ठी जिच्यासाठी होती, ती मुलगी दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. ‘लग्न ठरले’ असे कोणी म्हणाले, ‘मामाकडे पाठवली’ असे कोणी. आम्ही इमारतीवर बसून त्या चिठ्ठीबद्दल पुष्कळ बोललो. ती कुठे गेली हे विचारायला एकही जण गेला नाही. तिला आम्ही सगळे आडनावानेच ओळखत होतो; तिचे नाव मला आजही आठवत नाही.