चेंडू नसलेल्या चौघी

सकाळी ६
वहीत अर्धं मैदान आखतो आणि कालचीच चाल पुन्हा मांडतो. शालेय बास्केटबॉल स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. जिल्ह्यातून वर गेलं की विभागात शहरातल्या संघांशी गाठ पडते, आणि त्यांच्या रिंगखालच्या मुली आमच्या नारायणगावच्या पोरींपेक्षा डोकंभर उंच असतात. रिंग ३.०५ मीटरवर, म्हणजे उंचीला झुकतं माप आहेच. पण रिंगजवळ एकटी सुटलेल्या मुलीला चेंडू मिळाला, तर तिची उंची कोण विचारतो? तिला एकटी सोडवण्याचं काम चेंडू हातात नसलेल्या चौघींचं. माझं सगळं शिकवणं या चौघींसाठी आहे.

सकाळी ७
चांगलं उजाडल्याशिवाय कोणाला बोलावत नाही. ऊस उभा आहे, बिबट्याचा वावर आहे, आणि मुली वाड्या-वस्त्यांवरून सायकलनं येतात. त्यांच्या जिवापुढे सराव मोठा नाही.

पहिला अर्धा तास चेंडू पेटीतच. पाचही जणी नुसतं चालत चाल करतात. एक नंबर वर मध्यभागी, दोन आणि तीन दोन्ही कोपऱ्यांत, चार आणि पाच फ्री-थ्रो रेषेच्या दोन टोकांना. एक नंबरनं चारला पास द्यायचा आणि लगेच दोनकडे जाऊन तिच्यासाठी स्क्रीन लावायची, म्हणजे त्या बाजूच्या बचावपटू तिथंच अडकतात. तेवढ्यात पाचनं खाली उतरून तीनसाठी स्क्रीन लावायची. तीन तिच्या खांद्याला खांदा घासून बाहेर पडते.

स्क्रीन म्हणजे नियमात बसणारा अडथळा. दोन्ही पाय जमिनीवर, अंग स्थिर, हात छातीशी. संपर्काच्या क्षणी कंबर हलवली, कोपर काढलं की फाउल. माझ्या पाच नंबरचं अंग कबड्डीतलं आहे. समोरची निसटायला लागली की तिचा हात आपोआप पुढे जातो. म्हणून ती सकाळी स्वतःच्या जर्सीची कड दोन्ही मुठींत धरून स्क्रीन लावते.

तीन नंबर खो-खोतली. तिला वळसा शिकवावा लागला नाही. खांबाला हात घालून अंग आत झुकवत वळायची तिची जुनी सवय इथं जशीच्या तशी उपयोगी पडते. फक्त थांबणं शिकवावं लागतं. पाचचे पाय रोवले जाण्याआधीच ती पळत सुटते, आणि मग स्क्रीनचा उपयोग शून्य.

सकाळी १०.३०
शाळेचे तास. आठवीच्या मैदानाच्या तासाला जेम्स नेस्मिथ यांची गोष्ट सांगितली. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला त्यांनी हा खेळ सुरू केला, तेव्हाच्या १३ नियमांत चेंडू घेऊन पळायला मनाई होती. जिथं झेलला तिथूनच फेकायचा. म्हणजे पास हा या खेळाचा पाया आहे, ड्रिबल नंतर आलं. मग वर्गाकडून ड्रिबलशिवाय सामना खेळून घेतला. एरवी चेंडू सोडायला तयार नसलेली मुलंही मान वर करून साथीदार शोधायला लागली.

दुपारी १.३०
मधल्या सुट्टीत कॅरमच्या सोंगट्या. पाच पांढऱ्या आमच्या, पाच काळ्या समोरच्यांच्या, राणी म्हणजे चेंडू. डबे बाजूला सारून मुली बोर्डाभोवती जमतात. आज मी काळ्या सोंगट्या हलवतो आणि तीन नंबरला विचारतो, "ही तुझ्या पाठीमागून आली. काय करशील?"

"वळून आत."

"आणि स्क्रीनच्या वरून आडवी आली तर?"

"परत कोपऱ्यात, सर."

"दोघीही तुझ्याच अंगावर आल्या तर?"

ती गप्प. उत्तर पाच नंबरनं दिलं, "मग मी मोकळी की. मी आत जाते." सोंगटी तिनंच रिंगखाली सरकवली.

दुपारी ४.३०
दिवसातला खरा तास. पाच विरुद्ध पाच. घड्याळ २४ सेकंदांचं. ८ सेकंदांच्या आत मधली रेषा ओलांडावी लागते. आम्ही ६ धरतो. उरलेल्या १८ सेकंदांत आमची चाल दोनदा बसते.

पहिल्या वेळी चार नंबर चेंडू धरून खाली बघत राहिली. दुसऱ्या वेळी तीन नंबर नेहमीसारखी घाईत निघाली. तिला थांबवून एकच सांगितलं, "अगं, आधी कोपऱ्याकडे दोन पावलं जा. तुझी राखण तिकडे झुकू दे. पाचचे पाय वाजले की वळ." पुढच्या फेरीत तिनं कोपऱ्याकडे हूल दिली, सिमेंटवर पाचचे बूट आपटल्याचा आवाज आला, तिनं उजवा पाय रोवला आणि पाचच्या कमरेला चिकटून आत शिरली. पास तिच्या छातीवर. ले-अप बोर्डाला लागून आत. तिच्यामागची मुलगी अजून पाचच्या पाठीशी अडकलेली.

बास्केट तीन नंबरच्या नावावर. टाळी मी पाच नंबरला दिली, आणि तिचे कान लाल झाले.

साडेपाचला बंद. गटागटानं घरी. पोहोचल्याचा फोन प्रत्येक घरातून यायलाच हवा.

रात्री ९
आंबेगावातल्या एका शिक्षकमित्राचा फोन आला. रविवारी मंचरला मैत्रीपूर्ण सामना आहे. त्याच्या मुली प्रत्येक स्क्रीनवर राखण बदलतात, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं. दोन्ही संघ चांगले व्हावेत एवढंच आम्हाला हवं आहे.

राखण बदलली की वळसा उपयोगाचा नाही. तीनसमोर त्यांची उंच मुलगी येईल, पण पाचच्या वाट्याला बुटकी. तेव्हा पाचनं स्क्रीन पुरती लावायचीच नाही. समोरच्या दोघी एकमेकींना हाक देतात त्या क्षणी वळून, बुटकीला पाठीवर ठेवून, हात वर करायचा. आणि चारनं तिला उसळता पास द्यायचा, कारण वरून दिलेला उंच मुलगी मध्येच कापेल.

चारचा उसळता पास कच्चा आहे. उद्या चेंडू सातलाच पेटीतून काढायचा, तिच्यासाठी.