तटाआधीचं चौल

अलिबागहून दक्षिणेला निघालं की आधी चौल लागतं, मग रेवदंडा. बहुतेक गाड्या चौलात थांबत नाहीत. रेवदंड्याचा पोर्तुगीज तट, सातखणी मनोरा, किनारा, एवढं पाहून लोक परततात. आगरकोटाच्या, म्हणजे या पोर्तुगीज किल्ल्याच्या, भिंती देखण्या आहेत, पण या बंदराचं वय त्यांच्यावरून मोजणं मला पटत नाही. पोर्तुगीज इथं आले तेव्हा चौल दीड हजार वर्षांचं होतं.

बंदर इथंच का झालं, ते खाडीच्या मुखाशी उभं राहिलं की कळतं. कुंडलिका इथं समुद्राला मिळते आणि पलीकडून कोर्लईचा डोंगर थेट पाण्यात शिरलेला आहे. त्या आडोशाला, भरतीच्या पाण्यावर गलबतं आत घ्यायची आणि माल घाटावर चढवायचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याणच्या दक्षिणेकडल्या बंदरांत सेमिल्ला येतं, ते हेच. त्याच सुमाराच्या कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या, म्हणजे चौलच्या, माणसाने पाण्याचं टाकं खोदवून दिल्याचा लेख आहे. दान देणारा हेरणिक होता, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. बंदरातला पैसा डोंगरातल्या भिक्षूंची तहान भागवायला पोचला होता!

पुढे शिलाहारांच्या काळात इथं नांदलेली वस्ती मला चौलच्या साऱ्या इतिहासात मोलाची वाटते. बगदादचा प्रवासी अल्-मसूदी 916च्या सुमारास चौलला आला. अरब या बंदराला सैमूर म्हणत. राज्य शिलाहार राजा झंझाचं. मसूदी लिहितो की इथं सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी सिराफचे, कुणी ओमान, बसरा, बगदादचे, आणि कितीतरी इथंच जन्मलेले. इथं जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असं वेगळं नाव होतं. परदेशातून वाऱ्यावर येऊन वाऱ्यावर जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मुलांना असं नाव कशाला पडेल? त्यांची घरं इथं होती, सोयरिकी इथं जुळल्या होत्या. या समाजाचे तंटे मिटवायला राजा त्यांच्यातलाच एक मातब्बर माणूस नेमायचा. त्याच्या हुद्द्याला ‘हुनरमन’ म्हणत. हिंदू राजाने परधर्मी व्यापाऱ्यांना आपला न्याय आपण करण्याची मुभा द्यावी, ही व्यवस्था बंदर चालवायचं कसब जाणणाऱ्यांची होती.

बहमनी काळात घोड्यांचा व्यापार जोरात होता. 1469च्या सुमारास रशियातला अफनासी निकितीन एक घोडा घेऊन चौलला उतरला. गोऱ्या माणसाला बघायला लोक त्याच्यामागे फिरत, असं त्याने लिहून ठेवलंय. इथून पालीला पोचायलाच त्याला आठ दिवस लागले. मग उमरी, आणि पुढे जुन्नर. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, पुढे परत दिला.

मार्च 1508मध्ये याच पाण्यात इजिप्तचं आरमार आणि दीवचा मलिक अय्याज यांनी पोर्तुगिजांना हरवलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. तरी 1516मध्ये निजामशहाकडून वखारीची आणि 1521मध्ये किल्ल्याची परवानगी पोर्तुगिजांनी मिळवलीच. तिथून दोन चौलं झाली: आत, वाड्यांमध्ये निजामशाही चौल आणि खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीज चौल, म्हणजे आजचा रेवदंडा. 1570–71मध्ये मुर्तझा निजामशहाने पोर्तुगीज चौलला वेढा घातला, पण ते पडलं नाही.

सतराव्या शतकात रेशीम विणणारे कारागीर मुंबईची वाट धरू लागले. व्यापारही तिकडे सरकला. 1740मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला, तेव्हा बंदराचे वैभवाचे दिवस सरले होते.

आतल्या जुन्या चौलाला तट नाही, त्यामुळे दाखवायला काही नाही असा समज झालाय. रामेश्वराचं देऊळ आहे, हमामखान्याची पडकी इमारत आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना इथं सातवाहनकालीन वस्तीचे पुरावे मिळाले. पण मसूदीने पाहिलेली दहा हजारांची वस्ती माडा-पोफळींच्या मुळांखालीच आहे. त्या वाड्या आता प्लॉट पाडून विकल्या जाताहेत. पाया खणण्याआधी तिथं अभ्यासकाची नजर पोचायला हवी.