परसात पाखरं यावीत म्हणून

दाणे टाकले की चिमण्या येतात. पण त्यांची पिल्लं वाढतात ती किडे-अळ्यांवर. म्हणून कीटकनाशकांची फवारणी आधी बंद करा. जागा थोडी असेल तर कढीपत्ता लावाच. त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, पिकून काळी झालेली फळं बुलबुल आणि कोकीळ खातात. अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर शिंजीर येतो. आवार मोठं असेल तर पांगारा किंवा उंबर हवा. वाळकी फांदी धोक्याची नसेल तर राहू द्या. तांबट तिच्यातच ढोली कोरतो. कोळ्यांची जाळीही सरसकट झाडू नका. शिंजीर त्यांच्या धाग्यांनी घरटं बांधतो, शिंपी त्याच धाग्यांनी पानं शिवतो. पाण्यासाठी मातीचं पसरट, उथळ भांडं ठेवा आणि पाणी रोज बदला.