काळी पडणारी बाटली : पाण्यातील घाणीची खबर देणारे जीवाणू

पावसाळा सुरू झाला की आपल्या घरांत एक संवाद हमखास होतो. "पाणी जरा गढूळ येतंय, उकळून घे." चार दिवसांनी पाणी स्वच्छ दिसू लागते आणि उकळणे बंद होते. खरी अडचण इथेच आहे. गढूळ पाणी आपल्याला सावध तरी करते. टायफॉइड, कावीळ, जुलाब यांचे जंतू मात्र काचेसारख्या नितळ पाण्यातूनही येतात. त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही.

मग सामान्य माणसाने ओळखायचे कसे? प्रयोगशाळेत नमुना देता येतो, पण तिथवर जाणे, अहवालाची वाट पाहणे हे सर्वांना जमतेच असे नाही. यावर एक सोपा, स्वस्त आणि घरी करता येण्यासारखा उपाय आहे, आणि अभिमानाची गोष्ट अशी की तो आपल्या ग्वाल्हेरात तयार झाला. मी वाणिज्य शाखेचा माणूस, सारी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे हा विषय मला जसा समजला तसा, साध्या शब्दांत सांगतो.

गटारातला काळा गाळ

कोणतेही तुंबलेले गटार काठीने ढवळून पाहा. खालचा गाळ डांबरासारखा काळा असतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. आपल्या स्वर्णरेखेच्या काठाने उन्हाळ्यात जाणाऱ्यांना हा वास वेगळा सांगायला नको.

हा रंग आणि हा वास जीवाणूंमुळे येतो. पाण्यात मैला आणि सडणारे पदार्थ वाढले की त्यांचे विघटन करताना पाण्यातला प्राणवायू संपून जातो. प्राणवायू नसला की बहुतेक जिवांचा कारभार थांबतो, पण काही जीवाणूंचा तिथेच सुरू होतो. आपण श्वासासाठी प्राणवायू वापरतो, हे जीवाणू त्याऐवजी पाण्यात विरघळलेले सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. वास त्याचा. हा वायू पाण्यातल्या लोहाशी संयोग पावला की लोहाचे सल्फाइड बनते. काळा रंग त्याचा.

अशा सल्फेट वापरणाऱ्या जीवाणूचा शोध १८९५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट इथे मार्टिनस बेयरिंक या शास्त्रज्ञाने लावला. आज त्यांना 'डिसल्फोव्हिब्रिओ' आणि तत्सम नावांनी ओळखतात. नदीच्या किंवा तलावाच्या तळाशी त्यांची संख्या वाढली, गाळ काळा पडू लागला, की समजावे, इथे सेंद्रिय घाण फार झाली आहे आणि पाण्याचा श्वास कोंडला आहे. गटारांत साठणारा हाच वायू फार विषारी असतो. सफाईसाठी आत उतरलेल्या कामगारांचे त्याने जीव गेले आहेत, हेही विसरू नये.

ग्वाल्हेरची बाटली

झाशी रोडवरील संरक्षण अनुसंधान व विकास स्थापना, म्हणजे आपण ज्याला 'डीआरडीई' म्हणतो ती संस्था, आपल्याला बाहेरून माहीत आहे. तिचे मूळ १९४७ च्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेत आहे. या संस्थेतील के. एस. मांजा, एम. एस. मौर्य आणि के. एम. राव या तीन शास्त्रज्ञांनी १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या शोधपत्रिकेत एक छोटा लेख प्रसिद्ध केला. पिण्याच्या पाण्यात मैल्याचा अंश मिसळला आहे का, हे जागेवरच ओळखण्याची सोपी चाचणी त्यात दिली होती.

कल्पना गटारातल्या गाळासारखीच आहे. फक्त तो खेळ एका छोट्या बाटलीत घडवायचा. बाटलीत औषधात भिजवून वाळवलेला कागद असतो. त्या औषधात जीवाणूंचे खाद्य म्हणून पेप्टोन, गंधकाचा पुरवठा म्हणून सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा पुरवठा म्हणून फेरिक अमोनियम सायट्रेट असते. बाटलीवर २० मिलिलिटरची खूण असते. तेवढे पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवायची. पाण्यात आतड्यातले जीवाणू असतील तर ते वाढतात, गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि लोहाशी मिळून पाणी काळे होते. मूळ चाचणीत ३० ते ३७ अंश तापमानाला १२ ते १८ तासांत निकाल मिळत असे. आज बाजारात मिळणाऱ्या संचांवर साधारणपणे २४ ते ४८ तास थांबायला सांगितलेले असते.

सूक्ष्मदर्शक नको, बर्फाच्या पेटीत नमुना नेणे नको, लिहिता-वाचता येण्याचीही गरज नाही. म्हणूनच ही चाचणी जगभर अनेक विकसनशील देशांत वापरली गेली. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यातही अशा बाटल्यांचा उपयोग होतो.

बाटली नेमके कोणाला पकडते?

इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी मुख्यतः 'ई. कोलाय' या जीवाणूवरून करतात. तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो, म्हणून पाण्यात तो सापडला की मैला मिसळला हे पक्के. १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये, असा नियम आहे. पण ई. कोलाय सहसा हायड्रोजन सल्फाइड बनवत नाही. म्हणजे आपली बाटली त्याला थेट पकडत नाही.

ती पकडते त्याच्या सोबत्यांना. सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, टायफॉइडच्या कुळातले साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स असे अनेक जीवाणू मैल्याबरोबर येतात आणि हा वायू तयार करतात. सोबती दिसले म्हणजे मुख्य पाहुणाही आसपास असणार, असा हा हिशेब आहे. यातले क्लॉस्ट्रिडियम तर मोठे चिवट. ते कवचासारखे बीजाणू तयार करते, आणि हे बीजाणू क्लोरिनलाही सहजासहजी दाद देत नाहीत. त्यामुळे पूर्वी कधी घाण मिसळली असेल तर तिचीही खूण ते देतात.

गाळातले डिसल्फोव्हिब्रिओ आणि आतड्यातले हे जीवाणू वेगळे आहेत. दोघेही शेवटी तोच वायू बनवतात, एवढेच साम्य. हा फरक लक्षात ठेवला तर निकाल वाचताना गोंधळ होत नाही.

काळी म्हणजे काय, आणि न काळी म्हणजे काय?

बँकेत आम्ही संशयित नोट वेगळी काढत असू. ती बनावटच आहे असे काउंटरवर बसून जाहीर करत नसू, पण गठ्ठ्यात पुढेही जाऊ देत नसू. काळ्या बाटलीचा अर्थ तसाच घ्यावा. हे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये आणि कारण शोधावे, एवढे ती निश्चित सांगते.

कधीकधी बाटली विनाकारणही काळी होते. खोल बोअरच्या पाण्यात जमिनीतले सल्फेट वापरणारे जीवाणू असू शकतात. त्यांचा मैल्याशी संबंध नसतो. पाण्यात आधीच सल्फाइड विरघळलेले असेल तर बाटली काही मिनिटांतच काळी पडते. ती जीवाणूंच्या वाढीमुळे नव्हे, कारण जीवाणूंना वाढायला काही तास लागतातच. अशा वेळी नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काळी न झालेली बाटली. ती संपूर्ण हमी नव्हे. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, कीटकनाशके यांबद्दल ती काहीच सांगत नाही. विषाणूंबद्दलही नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची फार मोठी साथ आली. यमुनेचे पाणी जिथून उचलले जाई तिथे नाल्याचे मैलपाणी शिरले होते. पाण्यातला क्लोरिन वाढवला गेला, त्यामुळे टायफॉइड वा हगवण वाढली नाही, पण काविळीचा विषाणू निसटला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जीवाणू मेले म्हणजे सारे संकट टळले असे नसते, हा धडा त्या साथीने दिला.

चाचणी करताना

कृती सोपी आहे, पण निष्काळजीपणा चालत नाही.

१. हात साबणाने धुवावेत. नळाचे तोंड पुसून पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे.

२. बाटलीच्या तोंडाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण घट्ट लावावे आणि हलकेच हलवावे. जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी.

३. बाटली उबदार जागी, उन्हापासून दूर ठेवावी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत खोलीतही इतकी थंडी असते की जीवाणू वाढतच नाहीत आणि निकाल खोटा 'चांगला' येतो. अशा दिवसांत बाटली लोकरी कापडात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवावी. मे महिन्यात मात्र ती गच्चीवर तापू देऊ नये.

४. एक बाटली उकळून गार केलेल्या पाण्याचीही लावावी. ती काळी झाली तर पाण्यापेक्षा बाटलीवर किंवा आपल्या हाताळणीवर शंका घ्यावी.

५. काळ्या झालेल्या बाटलीत लक्षावधी जीवाणू असतात. ती मुलांच्या हाती लागू देऊ नये, स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये. तिच्यात ब्लिचिंग पावडरचे दाट पाणी घालून अर्धा-एक तास ठेवावे आणि मग शौचालयात ओतावे.

एक नव्हे, तीन बाटल्या

माझ्या मते या चाचणीचा खरा उपयोग घाण कुठे मिसळते ते शोधण्यात आहे. आमच्या इमारतीत एका पावसाळ्यात दोन घरांत टायफॉइड निघाला. तो पाण्यातूनच आला असे कोणी डॉक्टर छातीठोक सांगू शकत नव्हता. काही रहिवाशांनी नगर निगमला दोष दिला, काहींनी बाहेरच्या पाणीपुरीला. आम्ही तीन बाटल्या आणल्या. एकीत मुख्य नळाचे, दुसरीत जमिनीखालच्या टाकीचे, तिसरीत गच्चीवरच्या टाकीचे पाणी भरले. दुसऱ्या दिवशी पहिली बाटली होती तशीच राहिली, उरलेल्या दोन्ही काळ्या.

वाद तिथेच मिटला. पाणी इमारतीत येईपर्यंत ठीक होते, बिघाड आमच्याच अंगणात होता. टाकीच्या भिंतीला तडा गेला होता आणि हातभर अंतरावर मैल्याचे चेंबर होते. भिंत दुरुस्त झाली, दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासून ब्लिचिंगच्या पाण्याने धुतल्या. आठवड्याने पुन्हा तीन बाटल्या लावल्या, तिन्ही स्वच्छ. पंधरा दिवसांनी एकदा आणखी पाहिले आणि मगच लोकांनी उकळणे कमी केले.

अनेकदा दोष मुख्य नळातही असतो. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. नळ बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि शेजारच्या गटाराचे पाणी फटीतून आत शिरते. नळाला थेट पंप लावला तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये.

बाटली काळी झाली तर

घाबरून जाऊ नये. पिण्याचे पाणी खळखळून उकळी येऊ द्यावी, ती मिनिटभर राहू द्यावी. झाकून ठेवावे आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. उकळलेले पाणी हात बुडवून काढले तर उकळण्याचा उपयोग राहत नाही. क्लोरिनच्या गोळ्या वापरत असाल तर पाकिटावरचे प्रमाण पाळून किमान अर्धा तास थांबावे. घरातला फिल्टर असला तरी त्याच्या साठवणीच्या टाकीचे पाणी एकदा तपासून पाहावे. नंतर दुसरी बाटली लावावी आणि ती पुन्हा काळी आली तर नमुना लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत द्यावा. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध माणूस असेल तर दुसऱ्या निकालाची वाट न पाहता उकळणे सुरू करावे.

मंडळाला एक सूचना

गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला आपल्याकडे शेकडो माणसे जेवतात. तांदूळ, तूप, भाजी आपण पारखून घेतो. पाणी मात्र टाकीत असेल ते घेतो. उत्सवाच्या पंधरा दिवस आधी सभागृहाच्या मुख्य नळाचे, टाकीचे आणि स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी तपासावे, निकाल नोंदवहीत लिहावा आणि फलकावर लावावा. काही बिघाड निघालाच तर दुरुस्तीला पंधरा दिवस पुरतात. महिला मंडळ आणि आपली शाळकरी मुले हे काम सहज करतील. मुलांना त्यातून विज्ञानही कळेल, आणि ते आपल्याच गावात घडलेले आहे हेही कळेल. खर्च एका हारापेक्षा फारसा जास्त येणार नाही.