बरं व्हायचंय, पण तसलं माणूस व्हायचं नाही

कुणालाच नाही म्हणता येत नाही, साऱ्यांची कामं अंगावर येतात, रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं. अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला 'ठामपणे नकार द्या' असं सांगणं सोपं. तोही मान हलवतो आणि घरी जाऊन पुन्हा होच म्हणतो. खोदून विचारलं की कळतं, नकार देणारी माणसं त्याच्या लेखी स्वार्थी आणि कोरडी असतात. त्याला बरं व्हायचंय, पण तसलं माणूस व्हायचं नाही.

अशा गाठी शोधण्याची रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज केली यांनी १९५५ मध्ये मांडली. आई, भाऊ, साहेब, आजचा मी, व्हावासा वाटणारा मी, या साऱ्यांना माणूस कोणत्या निकषांवर तोलतो याचा तक्ता करायचा. बार्सिलोना विद्यापीठातले गिलेम फेशास आणि त्यांचे सहकारी त्याच तक्त्यातून पाहतात की, हवासा बदल एखाद्या नकोशा गुणाला बांधला गेलाय का. मानसिक त्रास असलेल्यांत असे पेच इतरांपेक्षा जास्त आढळले आहेत. 'तुझी इच्छाशक्तीच कमी' हा घरोघरचा ठपका त्यामुळे खोटा ठरतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

अस्तित्ववादी मानसोपचार आणखी खाली उतरतो. आयर्विन यालोम यांनी १९८० च्या ग्रंथात मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थशून्यता या चार मूळ चिंता सांगितल्या. नकार ही निवड असते आणि तिची जबाबदारी वाटून घ्यायला कुणी नसतं. धडधड त्या भीतीचीही असू शकते.

एवढं काम मोजक्या सत्रांत? फ्रेडी आणि ॲलिसन स्ट्रासर यांनी १९९७ मध्ये मुदतीच्या अस्तित्ववादी उपचाराची मांडणी केली. शेवट कधी, हे सुरुवातीलाच ठरतं. वेळ संपतो, माणसं दुरावतात, हे मग दर आठवड्याला जाणवत राहतं आणि टाळाटाळ अवघड होते.

जोएल व्होस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अस्तित्ववादी उपचारांच्या १५ चाचण्यांमधल्या १,७९२ जणांची माहिती एकत्र तपासली. जगण्याच्या अर्थावर थेट काम करणाऱ्या उपचारांचा परिणाम ठळक दिसला. आधार देत भावना मोकळ्या करू देणाऱ्या उपचारांचा बेताचाच. 'बोलून टाक, हलकं वाटेल' एवढ्यानं भागत नाही, असं यावरून वाटतं.

तीव्र नैराश्यात मात्र औषधं लागू शकतात. जीव नकोसा वाटत असेल, तर कुठल्याही सत्राची वाट पाहू नका. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तिथे आजच बोला.