भाषा बदलली की कुणाचा कोड मोडतो?

मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्यामुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली. कुलाब्याचं काम मात्र लगेच थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या आणि ताडून पाहिल्या.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेसाठी 'क्रेटर' असंच काम करतं. हजारो लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, ते भाषेच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीवर आपोआप चालवून बघतं. जुन्यावर चाललेली लायब्ररी नव्यावर अडली, की संशय बदलावर. आधीपासूनच अडत असेल, तर बदल निर्दोष.

जुलै २०२४ मध्ये रस्ट १.८० आली आणि 'टाइम' लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवरचे प्रोजेक्ट कंपाइल होईनात. क्रेटरने हे आधीच दाखवलं होतं! तरीही बदल पुढे गेला.