स्मृतीचा वेग आणि विद्युत्‌दाब

संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, नेमल्या वेगापुढे दामटली आणि यंत्र सुरू झाले, एवढ्याने ती स्थिर ठरत नाही. डीडीआर४ प्रकाराचा प्रमाण विद्युत्‌दाब १.२ व्होल्ट, वेगवान रॅमला उत्पादक बहुधा १.३५ नेमून देतात. दाब वाढविला की चुका घटतातच, हा समज भाबडा होय. स्मृतिकोशातील विद्युत्‌भार मुळातच गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. दाबाबरोबर उष्णता वाढते, उष्णतेबरोबर गळती. यास्तव दाब अल्पाल्प वाढवावा आणि चाचणी तापलेल्या यंत्रावर कित्येक तास घ्यावी. एकही चूक आढळल्यास वेग उतरवावा. शब्दगणना करणाऱ्या संशोधकाला बदललेला अंक कोणी दाखवून देत नाही. तो निमूटपणे कोष्टकात जाऊन बसतो.